हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांवरून स्टेपमधले लोक कुठून आले, कुठे गेले हे खरंच कळतं का, की सगळे अंदाजच?

अंदाज नाहीत. पण स्टेपवाले भारतात आले म्हणून फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरणाऱ्या त्या नकाशात एक जाड लाल बाण काळ्या समुद्राच्या वरून निघतो आणि थेट पंजाबात घुसतो ना, तसंही काही नाहीये. तुम्ही शेवटी "आणि मग आपल्यात किती टक्के?" असंही विचारलंय, त्यावर येते, पण आधी बाकीचं.

मी या विषयातली संशोधक नाही हे आधीच सांगून टाकते. पुण्यात एका डायग्नॉस्टिक लॅबमध्ये आहे, दिवसभर पीसीआर. त्यामुळे हे पेपर वाचताना कुठे मान डोलवायची आणि कुठे जरा थांबायचं एवढं कळतं, आणि गेली काही वर्षं ते वाचायचं वेडच लागलंय म्हणा.

स्टेप म्हणजे भूगोलात 'समशीतोष्ण गवताळ प्रदेश' म्हणून आपण पाठ केलेलं तेच, हंगेरीपासून मंगोलियापर्यंत गवतच गवत. तिथल्या लोकांनी जुन्या काळी स्वतःबद्दल लिहून काही ठेवलं नाही. सिथियन लोकांबद्दल ग्रीकांनी लिहिलं, शिओंग्नूंबद्दल चिन्यांनी, म्हणजे ज्यांना त्यांचा त्रास झाला त्यांनी. त्याच्या आधीचं तर फक्त कुर्गान, म्हणजे प्रेतावर रचलेले मातीचे उंचवटे, आणि आत हाडं, मडकी. एखाद्या भागातली मडकी अचानक बदलली की माणसं बदलली की नुसती फॅशन, यावर पुरातत्त्ववाले पिढ्यानपिढ्या भांडत होते, आणि भांडण रास्तच होतं, आपल्याकडे पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि स्टील आलं म्हणून काय घरातली माणसं बदलली का. या भांडणात डीएनए कामाला आला.

आता तो काढतात कसा. सगळ्यात भारी सॅम्पल म्हणजे कवटीत आतल्या कानाभोवती असलेलं हाड, पेट्रस म्हणतात, शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड. ते कोरून चिमूटभर भुकटी घेतात. त्यातून जो डीएनए निघतो त्यातला बराचसा त्या माणसाचा नसतोच, मातीतल्या बॅक्टेरियांचा असतो, आणि माणसाचा जो असतो त्याचे तुकडे तुकडे झालेले असतात, पन्नास-साठ अक्षरांचे (डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहितात). आम्ही ताज्या रक्तातून काढतो तो डीएनए म्हणजे अखंड साडी समजा, हा म्हणजे गोधडीच्या चिंध्या.

आणि यात खरी भीती कंटॅमिनेशनची. कोविडच्या वेळी आमच्याकडे एकदा रात्रीच्या शिफ्टला प्लेट लावली, नव्वदच्या वर पेशंट, आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात नुसतं पाणी असतं, तोच पॉझिटिव्ह आला. पाण्याला कोविड! अख्खी प्लेट बाद, सगळ्यांचे रिपोर्ट लटकले, सकाळी खाली काउंटरवर जी बोलणी खाल्ली ती विचारू नका. कारण निघालं फालतू, कुणीतरी आधीच्या रनच्या ट्यूब त्याच खोलीत उघडल्या होत्या. आमच्याकडे सॅम्पलमध्ये व्हायरस भरभरून असतो तरी ही गत, मग पाच हजार वर्षांपूर्वीच्या हाडात तर संशोधकाची एक शिंक पुरते, मेलेल्या माणसापेक्षा शिंकणाऱ्याचाच डीएनए जास्त सापडेल. म्हणून त्यांच्या क्लीन रूम वेगळ्याच असतात, पूर्ण सूट, हातमोज्यांवर हातमोजे, यूव्ही, ब्लीच, आणि पीसीआरच्या खोलीत जाऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी क्लीन रूममध्ये पाऊल ठेवायला बंदी.

तरी शिरला तर? याचं उत्तर मला फार आवडतं. जुना डीएनए विशिष्ट पद्धतीने कुजतो, तुकड्यांच्या टोकांना 'सी' हे अक्षर खराब होऊन मशीनला 'टी' दिसायला लागतं. ताज्या डीएनएत हे होत नाही. म्हणजे टोकं कुजलेली दिसली तर माल खरा. दुसरी चाचणी, पुरुषांत एक्स क्रोमोसोम एकच असतो, तेव्हा पुरुषाच्या हाडात एक्सच्या एकाच जागेवर वारंवार दोन वेगवेगळी रूपं दिसायला लागली की समजायचं दुसरं कुणीतरी घुसलंय. या क्षेत्राचा पाया घालणारे स्वांते पाबो, ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं, त्यांची बरीच वर्षं याच चोरांना बाहेर ठेवण्यात गेली.

आता टक्के कसे काढतात. माणसामाणसांत फरक असतो अशा साधारण १२ लाख जागा ठरवून तपासतात आणि बाकीच्या जुन्या-नव्या लोकांशी जुळवून बघतात. तुम्ही गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला दोन्ही चाखलेले असतील तर आमटी तोंडात घातल्यावर कशात काय आणि अंदाजे किती हे सांगू शकता, तसं. पण घोळही इथेच आहे, आमटीत तुम्ही कधीच न चाखलेला तिसरा मसाला असेल तर तुम्ही तोही या दोघांत बसवून मोकळे होणार. पेपरमध्ये "अमुक ७५ टक्के, तमुक २५ टक्के" दिसलं की मी आधी हे बघते की त्यांनी चाखायला काय काय ठेवलं होतं.

मग सापडलं काय? २०१५ मध्ये हार्वर्डची डेव्हिड राइक यांची टीम आणि कोपनहेगनची एस्के विलर्सलेव यांची टीम, दोघांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात साधारण एकच गोष्ट सांगितली. इ.स.पू. ३३०० ते २६०० च्या सुमारास काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेला यामनाया नावाची संस्कृती होती. यामा म्हणजे रशियनमध्ये खड्डा, कारण खड्ड्यात पुरायचे, पाठीवर निजवून, गुडघे मुडपून, वर गेरू टाकून. गुरं-मेंढरं राखणारी, बैलगाड्यांतून फिरणारी माणसं. यांच्यासारखा डीएनए यानंतर थोड्याच काळात जर्मनीत कॉर्डेड वेअर लोकांत (मडक्यांवर दोरीचे ठसे उमटवायचे म्हणून हे नाव) सापडला, जवळजवळ तीन चतुर्थांश! मडकी नाही, माणसं गेली होती. आणि दुसऱ्या बाजूला सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला अल्ताई पर्वतात अफानासियेवो म्हणून लोक होते, त्यांचा डीएनए यामनायाहून जवळजवळ वेगळा काढताच येत नाही.

पण यामनाया म्हणजे कुणी 'शुद्ध' वंश वगैरे नाही बरं का. ते स्वतःच मिसळ, पूर्व युरोपातले शिकारी आणि कॉकेशसच्या बाजूचे लोक. २०२५ मध्ये राइक यांच्याच गटाने चारशेच्या वर जुन्या लोकांचा डेटा काढून कॉकेशस ते व्होल्गाचा खालचा भाग अशा पट्ट्यात त्यांची मुळं दाखवली, आणि हे एका छोट्याशा गटातून फोफावले असंही.

आता तो लाल बाण. कॉर्डेड वेअरवाल्यांत युरोपातल्या शेतकऱ्यांचा डीएनए मिसळला आणि त्यांच्यासारखे लोक पुन्हा पूर्वेकडे निघाले. उरल पर्वताच्या दक्षिणेला इ.स.पू. २१०० च्या आसपास सिंताश्ता संस्कृती दिसते, आऱ्यांच्या चाकांचे रथ पुरलेल्या कबरी, तटबंदीची गावं, आणि तिथल्या हाडांत तो युरोपी शेतकऱ्यांचा वाटा आहे जो यामनायात नव्हता. दक्षिण आशियात जो स्टेप डीएनए दिसतो तो या नंतरच्या प्रकारचा आहे. म्हणजे "यामनाया भारतात आले" हे वाक्य चूक आहे. आधी पश्चिमेला गेले, तिथे सोयरिकी झाल्या, मग पोरंनातवंडं, पणतू, खापरपणतू परत फिरले, आणि त्यांच्यापैकी काहींचे वंशज कित्येक पिढ्यांनी, मध्य आशियातून, वाटेत अजून मिसळत इकडे पोचले. हे नकाशावर काढायला गेलं तर बाण नाही, लहान मुलाने खडूने केलेल्या रेघोट्या होतील. स्टेपचं सगळंच असं आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना नेमकं हेच नको असतं.

घोड्यांचंही बघा. आपल्या डोक्यात चित्र असतं की हे लोक घोडे उधळत आले. २०२१ मध्ये २७३ जुन्या घोड्यांचा डीएनए वाचला तेव्हा कळलं की आजच्या पाळीव घोड्यांची जात व्होल्गा-डॉन भागातली आणि ती सगळीकडे पसरली ती इ.स.पू. २२०० नंतर. यामनाया त्याच्या कित्येक शतकं आधीच युरोपात शिरले होते. रथ आणि हे नवे घोडे सिंताश्ताच्या काळाशी जुळतात, यामनायाच्या पसरण्याशी नाही.

आणि कधीकधी डीएनए सगळ्यांनाच तोंडावर पाडतो. चीनच्या पश्चिमेला तारीमच्या वाळवंटातल्या त्या ममी, लोकरीचे कपडे, चेहरेपट्टी जरा पाश्चात्त्य वाटते, म्हणून स्टेपवरून आलेले लोक असं कित्येकजण धरून चालले होते. २०२१ मध्ये १३ जणांचा डीएनए काढला तर सगळ्यात जुन्या ममी निघाल्या तिथल्याच, यामनायाचा वाटा शून्य. मात्र गुरं, दूध, चीज हे सगळं त्यांनी शेजाऱ्यांकडून उचललेलं. म्हणजे इथे मडकीवाल्यांचा दुसरा पक्ष जिंकला, वस्तू फिरल्या, माणसं नाही.

आता राखीगढी, कारण ती आणल्याशिवाय कमेंट्स थांबणार नाहीत. हरियाणातल्या या हडप्पाकालीन शहरात डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या टीमने खोदकाम केलं. रशियात-कझाकस्तानात थंडी आणि कोरडी हवा, हाडं टिकतात, आपल्याकडे ऊन आणि पावसाळा, डीएनए टिकतच नाही. ६१ सॅम्पल तपासले तेव्हा एका बाईच्या हाडात कसाबसा कामाचा डीएनए मिळाला, तोही पुरेसा जमवायला शंभरहून जास्त वेळा लायब्ररी तयार करावी लागली. (लायब्ररी म्हणजे सिक्वेन्सिंगच्या आधी डीएनएचे तुकडे तयार करून ठेवतात ते. एका सॅम्पलसाठी शंभर! आमच्याकडे तिसऱ्यांदा रिपीट लावला तरी मॅडम हिशेब मागतात.) तिच्यात स्टेपचा डीएनए नव्हता. हा पेपर आला त्याच दिवशी, सप्टेंबर २०१९ मध्ये, ५२३ जुन्या लोकांचा दुसरा मोठा पेपर आला ज्यात आजच्या बऱ्याच भारतीयांत स्टेपचा वाटा आहे आणि तो साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या काळात यायला लागला असं होतं. दुसऱ्या दिवशीच्या हेडलाइन एकमेकांच्या उलट्या! पण दोन्ही पेपरांत कितीतरी लेखक तेच आणि म्हणणंही एकच, हडप्पाच्या भरभराटीच्या काळात नव्हता, नंतर आला. एका बाईवर सगळा डोलारा उभा आहे हा आक्षेप मात्र मला पटतो, थोडासा. थोडासाच, कारण तिच्यासारखाच डीएनए असलेले अकरा जण इराणमधल्या शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानातल्या गोनूरला मिळालेत, सिंधूकडून तिकडे गेलेले दिसतात, त्यांच्यातही स्टेप नाही.

मला विचाराल तर सगळ्यात भारी काम या मोठमोठ्या स्थलांतरांचं नाहीच, अवारांचं आहे. हे इसवी सनाच्या सहाव्या शतकात मंगोलियाच्या बाजूने निघून थेट हंगेरीत आलेले. २०२४ मध्ये तिथल्या चार दफनभूमींतल्या ४२४ लोकांचा डीएनए काढला आणि चक्क वंशावळी मांडल्या, त्यातली एक नऊ पिढ्यांची. दफनभूमीतले पुरुष एकमेकांचे बाप, भाऊ, चुलते, पुतणे, आणि पोरांच्या आया मात्र सगळ्या बाहेरून आलेल्या, त्यांचे आईबाप तिथे नाहीतच. लेकी मोठ्या झालेल्या दिसतच नाहीत, सासरी गेलेल्या. काही बायकांना एकाच घरातल्या दोन पुरुषांपासून मुलं, भाऊ-भाऊ किंवा बाप-मुलगा, म्हणजे नवरा गेल्यावर घरातल्याच दुसऱ्याशी संसार. आणि इतक्या पिढ्यांत रक्ताच्या नात्यात लग्न एकही नाही, म्हणजे कोण कुणाचं कोण लागतं हे तोंडपाठ असणार. अवारांनी स्वतःबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही, आणि तरी आज आपल्याला माहितीये की कुठली सून कुणाच्या घरात आली.

भाषा मात्र हाडात नसते. डीएनएवरून कोण कुठली भाषा बोलायचा हे थेट कळत नाही, फक्त भाषावाल्यांच्या मांडणीशी जुळतं का एवढं बघता येतं. स्टेपचा पसारा आणि इंडो-युरोपीय भाषांचा (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी ज्या कुळातल्या) पसारा बऱ्यापैकी जुळतो, पण बास्क लोक घ्या, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे, त्यांच्यात स्टेपचा डीएनए चांगला आहे आणि भाषा मात्र इंडो-युरोपीय नाही. उलट हित्ती लोकांची भाषा इंडो-युरोपीय, पण त्यांच्या अनातोलियात (आजचं तुर्कस्तान) कांस्ययुगीन हाडांत यामनायासारखा वाटा जवळजवळ नाही. त्यामुळे कुणी डीएनए दाखवून "बघा, वेद कुणी लिहिले ते सिद्ध झालं" म्हणालं, कुठल्याही बाजूने, तर तिथे वाचणं थांबवा.

राहिलं "आपल्यात किती". भारतातल्या वेगवेगळ्या समाजांत हा वाटा जवळजवळ काहीच नाही इथपासून ते साधारण ३० टक्क्यांपर्यंत आहे. माझ्या न्यू जर्सीतल्या मामेबहिणीने थुंकी पाठवून टेस्ट करून घेतली आणि मला विचारलं की यात स्टेप कुठे दिसत नाही. दिसणार नाही, कारण त्या कंपन्या तुम्हाला आजच्या लोकांशी जुळवतात, चार हजार वर्षांपूर्वीच्या हाडांशी नाही. कच्चा डेटा डाउनलोड करून ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकता येतो, तिनेही टाकला, तर स्टेपचा वाटा एकात १४ टक्के आला, दुसऱ्यात २१. कुठला खरा असं विचारते, तिला मी मसाल्यांचं तेच सांगितलं जे तुम्हाला वर लिहिलंय, तर म्हणाली अगं पण पैसे कशाला घेतले मग.