गोल्फमध्ये ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारलेला बॉल दर वेळी उजवीकडे वळतो. डावीकडे नेम धरला तर चालेल का?

नाही, अजिबात धरू नका. हाच सल्ला मला आमच्या चौकडीतल्या वयाने मोठ्या गड्याने दिला होता आणि मी तो वर्षभर निमूटपणे पाळला, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

त्या दिवशी अठरापैकी सतरा होल झाले तेव्हा माझे ९३ फटके झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा शंभरच्या आत यायची संधी. शेवटचं होल पार ४ (चांगल्या खेळाडूला चार फटके पुरतात असं), मी सहात संपवलं की ९९. टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) उभा राहिलो तर मागून त्याच गड्याचा आवाज, "अरे, अजून डावीकडे बघ, अजून!" बघितलं. बॉल डावीकडून निघाला, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मध्यावर आला, आता जमलं असं वाटलं, आणि तिथून कुणी दोरीने ओढावा तसा वळत वळत उजवीकडच्या झाडांत शिरला. प्रोव्हिजनल (पहिला हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर धरायचा बॉल) मारतोय असं सांगून दुसरा मारला. तो सरळ गेला.

शोधायला तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. गुडघे टेकून पाला उपसला. बॉल सापडलाही, माझ्या पेनाची दोन निळी टिंबं दिसत होती, पण हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांच्या चांगला वीतभर पलीकडे. म्हणजे एका फटक्याचा दंड धरून प्रोव्हिजनल हाच तिसरा फटका. चौथा ग्रीनच्या (शेवटच्या बारीक हिरवळीच्या) अलीकडे पडला, पाचवा कपापासून (बॉल घालायच्या खड्ड्यापासून) चार फुटांवर. सहाव्याला, म्हणजे पटला (ग्रीनवर घरंगळत मारायच्या फटक्याला), बॉल कपाच्या काठावरून अर्धा फेरा मारून बाहेर आला. कप १०८ मिलिमीटरचा, बॉल जेमतेम ४३ चा, तरी बाहेर! सातव्याला आत. एकूण १००.

"दिला रे तुला तो पट, ९९ लिही," तेच गृहस्थ म्हणाले. मी १०० लिहिले. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) बॉल कपात घालावाच लागतो, कुणी पट देऊ शकत नाही. त्यावर "एवढं काय मनाला लावून घेतोस, गंमत म्हणून तर खेळतो आपण" हे ऐकावं लागलं. ते मला आजही लागतं. गंमत मलाही हवी आहे, पण न मारलेल्या आकड्याची मला येत नाही.

आता तुमच्या बॉलचं. बॉल साधारण क्लबच्या तोंडाच्या दिशेने निघतो आणि क्लब ज्या वाटेने फिरतो तिच्यापासून दूर वळतो. डावीकडे नेम धरला की खांदे डावीकडे उघडतात, क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि तोंड मात्र मनातल्या लक्ष्याकडेच राहतं. दोन्हींतलं अंतर वाढलं की स्लाइसही, म्हणजे बॉलचं हे उजवीकडे वळणंही, वाढतं. ड्रायव्हरचा लॉफ्ट (तोंड मागे कललेलं असण्याचा कोन) कमी म्हणून तो तिथे जास्त दिसतो, वेजने (जास्त लॉफ्टच्या क्लबने) तेवढा दिसत नाही.

खांदे लक्ष्याच्या रेषेत ठेवा. डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवा, वरून बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत. आधी सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) अर्ध्या स्विंगवर घोटवा. मी हेच केलं आणि महिन्याभरात बॉल फेअरवेवर राहू लागला. आमचे गृहस्थ अजून म्हणतात की मी तेव्हा पुरेसं डावीकडे बघितलंच नाही. तुमच्याही चौकडीत असं कुणी असेल तर टीवर त्यांचं ऐकू नका, रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोन्ही प्रकारे दहा-दहा बॉल मारून दाखवा.

डावखुरे असाल तर वरचं सगळं उलटं वाचा. आणि बॉल हवेत वळत नसेल, सुरुवातीपासून सरळच उजवीकडे जात असेल, तर तो स्लाइस नाही, पुश आहे. मग ग्रिपला हात लावू नका.