वाचकांचे प्रश्न : ‘आता ताई दोन शब्द बोलतील’

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. समितीच्या बैठकीत मी मोकळेपणाने बोलते. दोन वर्गखोल्यांचे छत गळत होते, त्याच्या दुरुस्तीसाठी पंचायत समितीत मीच हेलपाटे घातले. परंतु गेल्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी कसलीही पूर्वकल्पना न देता ‘आता ताई दोन शब्द बोलतील’ असे जाहीर केले आणि माझ्या हातापायांना कापरे भरले. ‘मला भाषण येत नाही, चुकले तर माफ करा’ एवढेच म्हणून मी खाली बसले. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक भगिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, हातापायांना कापरे भरणे हे अज्ञानाचे लक्षण नाही. अचानक सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या की शरीरात ॲड्रेनलिन स्रवते, छातीची धडधड वाढते, तोंडाला कोरड पडते. सराईत वक्त्यांनाही हे होते. फरक इतकाच की, पहिली दोन-तीन वाक्ये बोलून झाल्यावर हा भर ओसरू लागतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. प्राचीन ग्रीसमधील डेमॉस्थेनिस हा थोर वक्ता मानला जातो, पण आयत्या वेळी बोलायला तो नाखूश असे आणि त्यावरून त्याची थट्टाही होत असे, असे प्लुटार्कने त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. तेव्हा या बाबतीत आपण एकट्या नाही.

आता मुद्द्याचे. ज्या कार्यक्रमात आपल्याला पदामुळे खुर्ची दिली आहे, तेथे आपले नाव पुकारले जाणारच, असे घरून निघतानाच गृहीत धरावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. म्हणजे पालकांच्या, त्यातही मातांच्या वतीने कोणी बोलावे हे त्या रचनेतच अपेक्षित आहे. लोकांना आपल्याकडून स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास ऐकायचा नसतो, तो गुरुजी सांगतातच. शाळेत काय झाले आणि काय राहिले, हे मात्र आपल्याइतके नेमके तेथे दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून जाताना मनाशी एकच गोष्ट ठरवावी, आणि शेवटचे वाक्य सर्वांत आधी ठरवावे. आयत्या वेळचे बोलणे फसते ते बहुधा सुरुवातीला नव्हे, तर शेवटाला. कोठे थांबायचे हे माहीत नसल्यामुळे माणूस तेच तेच घोळत राहतो आणि त्या घोळात उरलासुरला धीरही गमावतो. शेवट ठाऊक असला की मधली वाट चुकली तरी मुक्काम चुकत नाही. आपल्याच पत्रातील मजकुरावरून आपण त्या दिवशी असे बोलू शकला असता :

‘नमस्कार. गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या दोन खोल्या गळत होत्या आणि मुलांना व्हरांड्यात बसावे लागत होते. सगळ्या पालकांनी अर्जावर सह्या केल्या, पाठपुरावा केला आणि छताचे काम झाले. आता मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणायचे राहिले आहे. हा विषय आपण ग्रामसभेत मांडणार आहोत, तेव्हा सर्व पालकांनी, विशेषतः मातांनी, ग्रामसभेला यावे. जय हिंद.’

हे बोलायला मिनिटभरही लागत नाही, आणि यात पाठ करण्यासारखे काही नाही. (स्वच्छतागृहाचा विषय मी कल्पनेने घातला आहे, त्या जागी आपल्या शाळेची खरी निकड घालावी.) ‘व्यासपीठावरील सर्व सन्माननीय’ अशी नावांची यादीही यात नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ती यादी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती गाळणे कोणाला उद्धटपणाचे वाटेल. पण घाबरलेल्या माणसाने नावे आठवत बसू नये, एखादे राहिले तर दिवसभर रुखरुख लागते. एक नमस्कार सर्वांना पुरतो. माफी तर मुळीच मागू नये, कारण तिने श्रोत्यांचे लक्ष विषयावरून उडून आपल्या चुकांवर जाते.

उभे राहिल्यावर लगेच तोंड उघडू नये. माइक हनुवटीच्या किंचित खाली, चार बोटांच्या अंतरावर धरावा, श्वास पूर्ण सोडावा आणि मग नेहमीपेक्षा सावकाश बोलावे. हातात सुटा कागद नको, त्याची थरथर लांबूनही दिसते. पुढचे वाक्य सुचेपर्यंत ‘म्हणजे’, ‘काय आहे की’ असे भरताड घालण्यापेक्षा क्षणभर गप्प राहिलेले बरे. आपल्याला युगासारखी वाटणारी ती शांतता ऐकणाऱ्याला जाणवतही नाही. आणि ताई, भाषा घरचीच ठेवावी. ग्रंथातली मराठी बोलण्याच्या नादात जीभ अडखळते. खानदेशी वळणाचे बोलणे आपल्या गावाला परके नाही.

सरावासाठी बचत गटाची बैठक उत्तम. टोस्टमास्टर्स या १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या संस्थेच्या सभांमध्ये समोर आलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे तयारीविना बोलण्याचा परिपाठ असतो. आपल्याकडील महाविद्यालयांतही उत्स्फूर्त वक्तृत्वाच्या स्पर्धेत चिठ्ठी उचलून बोलावे लागते. गटातल्या मैत्रिणींनी ‘रेशनचे दुकान’, ‘पाण्याची पाळी’ अशा चिठ्ठ्या करून प्रत्येकीने मिनिटभर बोलावे. शुद्धलेखन तपासल्यासारख्या चुका मोजत बसू नये. बोलणाऱ्या बाईला नेमके काय सांगायचे होते, हे ऐकणाऱ्या बायकांना एका वाक्यात सांगता आले की पुरे.

प्रश्न : मी तालुका पातळीवर सरकारी नोकरी करतो. आढावा बैठकीत साहेब अचानक ‘घरकुलांची किती कामे राहिली?’ असे विचारतात. माहिती डोक्यात असते, तरी मी पार मंजुरीपासून सांगू लागतो आणि बोलणी खातो.
— एक कर्मचारी, परभणी जिल्हा

उत्तर : आपण हकिगत सांगता आणि साहेबांना उत्तर हवे असते. प्रश्नात ‘किती’ असेल, तर पहिला शब्द आकडा असावा : ‘१४ कामे राहिली आहेत.’ त्यानंतर कारण एका वाक्यात : ‘त्यांपैकी ९ ठिकाणी वाळू मिळालेली नाही, ५ लाभार्थ्यांचा हप्ता जमा व्हायचा आहे.’ एवढे बोलून थांबावे. मंजुरीची कथा कोणी विचारलीच तर मग सांगावी. प्रश्न नीट कळला नसेल, तर ‘या महिन्याअखेरची स्थिती सांगू का?’ असे विचारून घ्यावे, त्यात विचार करायलाही दोन क्षण मिळतात. आकडा आठवत नसल्यास अंदाजाने मुळीच ठोकून देऊ नये, कारण तो इतिवृत्तात गेला की पुढच्या बैठकीत आपल्यालाच निस्तरावा लागतो. ‘नेमका आकडा आत्ता माझ्याजवळ नाही, चार वाजेपर्यंत कळवतो’ असे स्पष्ट सांगावे आणि चार वाजण्यापूर्वी कळवावे.