वाचकांचे प्रश्न: मुक्त सामग्री, दूरशिक्षण आणि परवान्यांचा गुंता

प्रश्न: अनेक विद्यापीठांची टिपणे, व्याख्याने आणि पुस्तके इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यांतले हवे ते भाग एकत्र करून दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका करायची आहे. सगळेच मोफत आहे, मग परवानगीचा प्रश्न येऊ नये ना? (एक प्राध्यापिका)

उत्तर: येतो, आणि तो सहसा पुस्तिका तयार झाल्यावर येतो. म्हणून सुरुवातीलाच पाहून घ्या. फुकट वाचायला मिळणे वेगळे आणि मुक्त असणे वेगळे. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हा शब्दप्रयोग युनेस्कोच्या २००२ सालच्या बैठकीतून रूढ झाला. त्यात ‘मुक्त’ म्हणजे पुढच्या शिक्षकाला ती सामग्री स्वतःजवळ ठेवता, वापरता, बदलता, दुसऱ्या सामग्रीत मिसळता आणि पुन्हा वाटता आली पाहिजे. पानावर परवान्याचा उल्लेखच नसेल तर सर्व हक्क राखीव आहेत असे धरून चाला. अशा पानाचा दुवा द्या, मजकूर उचलू नका.

परवाना असला तर तो बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे त्या संस्थेने कुणालाही वापरता येतील असे तयार केलेल्या परवान्यांपैकी (थोडक्यात ‘सीसी’) असतो. त्यातली अक्षरे नीट वाचा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. ‘एसए’ म्हणजे बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्या. खरी गाठ बसते ती मिसळताना. विकिपीडियाचा मजकूर बाय-एसए परवान्याखाली आहे आणि एमआयटी ओपनकोर्सवेअरची (एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मोफत अभ्यासक्रमांची) सामग्री बाय-एनसी-एसएखाली. दोन्हीकडचे परिच्छेद विणून एक धडा केला, तर पहिला परवाना म्हणतो हा धडा बाय-एसएखालीच द्या आणि दुसरा म्हणतो बाय-एनसी-एसएखालीच द्या. दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. अशा वेळी मजकूर एकजीव करू नका. दोन स्वतंत्र प्रकरणे ठेवा आणि प्रत्येकाच्या आरंभी त्याचा परवाना छापा. त्याला संकलन म्हणतात आणि ते चालते.

प्रकाशकाच्या नावावरून अंदाज बांधू नका. ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाची ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ची पुस्तके सीसी बाय ४.० परवान्याची आहेत, पण त्यांचेच ‘कॅल्क्युलस’चे तीन खंड बाय-एनसी-एसएचे. मुक्त पुस्तकातही एखाद्या छायाचित्राखाली ‘परवानगीने साभार’ असे लिहिलेले असते. ती परवानगी त्या पुस्तकाला मिळालेली असते, तुमच्या पुस्तिकेला नव्हे. घाईत सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

मजकूर उचलतानाच एका तक्त्यात नोंद करा: शीर्षक, लेखक, दुवा, परवाना आवृत्तीसह आणि तुम्ही केलेला बदल. सहा महिन्यांनी आठवून ही नोंद होत नाही. पानावरची श्रेयनोंद साधारण अशी दिसावी: ‘“उष्णता आणि कार्य”, लेखकाचे नाव, मूळ पानाचा दुवा, सीसी बाय ४.०. उदाहरणे २ व ५ बदलली, आकृती ३ नव्याने काढली.’ काही राहून गेले तर घाबरून जाऊ नका. अट मोडली की वापराचा हक्क जातो, पण सीसी परवान्यांच्या ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर तो आपोआप परत मिळतो.

प्रश्न: ‘एनसी’ परवान्याच्या पुस्तकाच्या प्रती झेरॉक्सच्या दुकानातून काढून विद्यार्थ्यांना वाटल्या तर? दुकानदार तर पैसे घेणारच.

उत्तर: चालेल. अट वापराच्या हेतूवर आहे आणि प्रती तुम्ही शिकवण्यासाठी काढून घेत आहात. अमेरिकेत २०१८ साली फेडेक्स ऑफिस या छपाई-झेरॉक्सच्या दुकानसाखळीविरुद्धच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने हेच मानले: शाळेच्या सांगण्यावरून पैसे घेऊन प्रती काढणारे दुकान शाळेच्या वतीने काम करत असते. दुकानदाराने आपणहून गठ्ठा छापून विकायला ठेवला, तर मात्र तो व्यापारी वापर झाला.

प्रश्न: एका मुक्त इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा मराठी अनुवाद आम्ही चार शिक्षक मिळून करणार आहोत. कुठून सुरुवात करावी?

उत्तर: परवान्यापासूनच. अनुवाद हे रूपांतर आहे, म्हणून ‘एनडी’ असलेले पुस्तक बाजूला ठेवा किंवा लेखकाची लेखी परवानगी घ्या. त्यानंतर मूळ फाइल मागा. केवळ पीडीएफवरून काम केले की समीकरणे चित्रे म्हणून चिकटवली जातात. मग एक अधिकचे चिन्ह बदलायचे तरी अख्खी आकृती नव्याने करावी लागते. समीकरणे लेटेक किंवा मॅथएमएल या गणित मजकूररूपात लिहिण्याच्या पद्धतींतच लिहा आणि आकृत्यांतली नावे चित्रात कोरू नका, वेगळ्या थरात ठेवा.

प्रकरणे वाटून घेण्याआधी परिभाषा ठरवा. पहिल्या प्रकरणातले ४०–५० शब्द एका तक्त्यात काढा, चौघांनी बसून एकेक पर्याय निश्चित करा आणि त्यानंतरच लेखणी उचला. नाहीतर ‘व्हेलॉसिटी’ एका प्रकरणात वेग, दुसऱ्यात गती आणि तिसऱ्यात जशीच्या तशी राहते. घरी एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे तिन्ही एकच का?’ असे विचारायला समोर कोणी नसते. दूरशिक्षणात परिभाषेचा घोळ वर्गातल्यापेक्षा फार महाग पडतो.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात हवा. चाचणी सोपी आहे: तयार फाइलमधली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे आली, तर त्या पुस्तकात शब्द शोधता येणार नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीनरीडरही (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) ते वाचू शकणार नाही. युनिकोड फॉन्ट असूनही पीडीएफमधून कॉपी करताना ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे जागा सोडतात. म्हणून पीडीएफबरोबर ईपब (ई-पुस्तकाची फाइल) आणि संपादन करता येणारी ओडीटी किंवा डॉक्स फाइलही द्या. पीडीएफला कॉपी न करता येण्याचे कुलूप लावणे तर या परवान्यांच्या अटींतच बसत नाही.

प्रश्न: माझी टिपणे सीसी बायखाली दिली आणि पुढे विचार बदलला, तर परवाना मागे घेता येईल का?

उत्तर: नाही. तुम्ही स्वतः वाटणे थांबवू शकता, पण ज्यांच्याकडे प्रत पोचली त्यांचा हक्क राहतो. कुणी केलेला बदल पटला नाही, तर तिथून आपले नाव काढायला सांगता येते. देण्याआधी नोकरीचा करारही वाचा. टिपणांवरचा हक्क संस्थेकडे असेल, तर परवाना देणे तुमच्या हाती नाही.

प्रश्न: आम्ही ५० मिनिटांची व्याख्याने रेकॉर्ड करून चढवली. विद्यार्थी पाहत नाहीत. नेट पुरत नाही असेही सांगतात. काय बदलावे?

उत्तर: दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हता. याचा अर्थ ५० मिनिटांच्या व्याख्यानाला कात्री लावून आठ तुकडे करावेत असा नाही. असे तुकडे ‘मघाशी म्हटल्याप्रमाणे’ने सुरू होतात आणि अध्येमध्ये तुटतात. एक संकल्पना, एक उदाहरण, एक व्हिडिओ, असे नव्याने रेकॉर्ड करा. कष्ट आहेत, पण याला जवळचा रस्ता नाही.

नेटचा हिशेब साधा आहे (८ बिट म्हणजे १ बाइट). सेकंदाला १ मेगाबिट दराचा १० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे ७५ मेगाबाइट. पडद्यावर स्थिर पाटी आणि मागे आवाज एवढेच असेल, तर २०० किलोबिट दर पुरतो आणि फाइल १५ मेगाबाइटवर येते. नुसता आवाज ६४ किलोबिटने ठेवला तर ५ मेगाबाइटही लागत नाहीत. तिन्ही पर्याय उतरवून घेता येतील असे ठेवा आणि लेखी संहिता सोबत द्या. संहिता काही किलोबाइटची असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तीच उघडली जाते.

तरी व्हिडिओ हा अर्धाच भाग झाला. वर्गात चूक झाली की शिक्षकाच्या चेहऱ्यावरून कळते. घरी ते काम प्रश्नसंचाला करावे लागते. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुपर्यायी प्रश्नाच्या प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो, पण तो रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. उदाहरण घ्या: सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? अनेक जण ‘शून्य’ निवडतात. तिथे ‘चूक’ एवढेच दाखवून काही साधत नाही. लिहा: ‘त्या क्षणी वेग शून्य आहे, हे बरोबर. पण पुढच्याच क्षणी दगड खाली येऊ लागतो. वेग बदलतो आहे, मग त्वरण शून्य कसे असेल?’ चुकीचे पर्याय असे निवडा की प्रत्येकामागे एक ठरावीक गैरसमज असेल. त्या गैरसमजाला उत्तर देता येते, ‘वरीलपैकी नाही’ला देता येत नाही.

सत्रानंतर प्रश्नागणिक अहवाल उघडून पाहा. निम्म्याहून अधिक जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर आधी प्रश्नाची भाषा तपासा, मग तो धडा. दोष सापडला की मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करून आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख बदला. सामग्री दुसऱ्याची आणि मुक्त असेल, तर ती दुरुस्ती मूळ लेखकालाही कळवा.