देशी डुकरिणीची पिल्लं थंडीत का दगावतात?

निफाडकडे डिसेंबरात डुकरीण व्याली की दोन-तीन दिवसांत निम्मी पिल्लं जातात, असं तुम्ही विचारलंय. यामागे बहुतेकदा गारठा असतो. नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जवळजवळ नसतेच. त्याला ३२ ते ३४ अंश ऊब लागते. ती मिळाली नाही की ते आईला बिलगतं आणि ती आडवी होताना चिरडतं.

नर दाखवल्याची तारीख लिहून ठेवा, तिथून साधारण ११४ दिवसांनी डुकरीण विते. आठवडाभर आधी भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आडवा जाड पाइप बसवा. आई भिंतीला टेकली तरी मागे पिल्लाला फट राहते. कोपऱ्यात भाताचा कोरडा पेंढा घाला (उसाचं पाचट नको, त्याच्या कडा कोवळ्या कातडीला कापतात) आणि वर बल्ब टांगा. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर बल्ब खाली घ्या, लांब पांगली तर वर.

पहिला चीक सहा तासांच्या आत प्रत्येकाच्या पोटात जायलाच हवा. अशक्त पिल्लू हातात धरून पुढच्या सडाला लावा, तिथे दूध जास्त असतं. फरशी सिमेंटची असेल तर तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचं इंजेक्शन द्या.