गॅलरीत झालेली चौकशी

प्रश्न : मी घाटकोपरच्या एका चाळीत राहते आणि पोळीभाजी केंद्रासाठी रोज दीडशे पोळ्या घरीच करते. जूनमध्ये नळाला पाणी आल्याच्या गडबडीत माझ्या सात वर्षांच्या मुलाचा हात तापलेल्या तव्याला लागला. शाळेत बाईंनी तो डाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी एका संस्थेच्या दोन कार्यकर्त्या आल्या. त्यांनी गॅलरीतच, शेजारणींसमोर, मुलाची बाही वर करून मला विचारले, "चटके देता का हो मुलाला?" त्याच दिवशी त्याला बालकल्याण समितीपुढे नेले आणि सहा रात्री तो बालगृहात होता. सातव्या दिवशी माझी सही घेऊन त्याला परत दिले. अहवालात माझ्याविषयी काय लिहिले आहे, ते कोणी सांगत नाही. तक्रार कोठे करावी?
— एक आई

उत्तर : आपले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले. तरीही आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते : शाळेतील बाईंवर राग धरू नका. सात वर्षांच्या मुलाच्या हातावर भाजल्याचा डाग दिसल्यावर त्या गप्प राहिल्या असत्या, तर ती त्यांची चूक ठरली असती. मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे नेणे आणि चौकशी चालू असताना समितीने त्याला बालगृहात ठेवणे, या दोन्ही गोष्टी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात बसतात.

बसत नाही ते गॅलरीत घडलेले. याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मुलाचा खासगीपणा आणि गोपनीयता जपणे हे मूलतत्त्व म्हणून नोंदवले आहे. शेजाऱ्यांच्या देखत बाही वर करणे आणि आईला आरोपीसारखा प्रश्न विचारणे हे त्याच्या सरळ विरुद्ध आहे. खोलीचे दार लावून हाच प्रश्न विचारता आला असता. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असेही तेच कलम सांगते. म्हणून घरीच ठेवून चौकशी का शक्य नव्हती, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अहवाल गोपनीय असतो हे खरे, परंतु कलम ९९ नुसार समिती योग्य वाटल्यास त्याचा सारांश पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा मांडण्याची संधी देऊ शकते. ही मागणी समितीकडे लेखी करावी. मुलाची वैद्यकीय तपासणी झाली होती का, हे आपण कळवलेले नाही. झाली असल्यास तो कागद सर्वांत मोलाचा, कारण तव्याची कड लागल्याचा डाग आणि मुद्दाम दिलेला चटका यांतला फरक डॉक्टरच अधिकाराने सांगू शकतात. मूल घरी आले म्हणजे प्रकरण मिटले असे गृहीत धरू नका. प्रकरण बंद केल्याचा लेखी आदेश आहे का, तेही त्याच अर्जात विचारावे.

कार्यकर्त्यांच्या वागणुकीची तक्रार जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावी. समितीच्याच कारभाराविषयी तक्रार असेल, तर ती ऐकण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. घाटकोपर उपनगर जिल्ह्यात येत असल्याने त्यांचे कार्यालय वांद्र्याला आहे. समितीच्या आदेशावर अपील करायचे असल्यास मुदत तीस दिवसांची असते, तेव्हा आदेशाची तारीख आजच पाहून घ्या. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अर्जात "अपमान झाला" एवढेच लिहून भागणार नाही. तारीख, वेळ, गॅलरीत कोण कोण उभे होते, कोणते शब्द उच्चारले गेले, सही कोणत्या कागदावर घेतली, हे क्रमाने लिहा. शेगडी जमिनीवर असल्यास ती आधी ओट्यावर घ्या आणि तसे केल्याचे अर्जात नमूद करा. यात अपराधाची कबुली नाही. मूल पुन्हा भाजू नये हीच चौकशी करणाऱ्यांचीही चिंता आहे.

आणि अर्ज लिहिताना खात्री करून घेण्यासाठी मुलाला पुन्हा "तेव्हा काय झाले" असे विचारू नका. ते त्याने अनोळखी माणसांना आधीच पुष्कळदा सांगितले असेल.