जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन कसं असतं? तापल्यावर गाडी बंद पडते, तर इंजिन बोअर करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९८६ ची पद्मिनी उन्हात तासभर चालली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, आणि मेकॅनिक इंजिन उतरवून बोअर करायचं म्हणतोय. इंजिनाची माहिती आणि नेहमीचे बिघाडही विचारलेत.

बोअरचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करण्याचं, आधी सांगतो. करू नका. त्याला इंजिनाला हातही लावू देऊ नका. आधी डेल्कोतले, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट आणि कंडेन्सर हे दोन छोटे भाग बदला.

न बघता एवढं ठाम कसं सांगतो, असं वाटेल. आमच्याकडे १९८१ ची पद्मिनी होती. मे १९९३ मध्ये मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. बाबा चालवत होते, शेजारी दादा, मागे आई आणि मी, मांडीवर आईने महिनाभर खपून केलेलं रुखवताचं सामान. कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि इंजिन गप्प झालं. झटके नाहीत, मिसिंग नाही, फुटफुट नाही. दिवा फुंकर मारून विझवावा तसं. बाबांनी सेल्फ मारला, इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं.

दादा तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने बॉनेट उघडून लगेच निदान केलं: वेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा अडणं. पाण्याचा कॅन काढला, फडकं भिजवून एसी पंपावर (इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर) ठेवलं, वर पाणी ओतत राहिला. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि दादाने माझ्याकडे बघितलं. पुढे हेळवाक ओलांडल्यावर पुन्हा बंद. पाटणच्या अलीकडे तिसऱ्यांदा. कराडला पोहोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. आईने रुखवत मांडलंच नाही, तसंच गाठोड्यात परत आणलं.

त्या दिवसानंतर दादाने धोशा लावला की इंजिन बसलं, या गाडीत घाट चढायचा दम राहिला नाही. गावातल्या एका गॅरेजमध्ये हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या. बाबांनी त्यासाठी सोसायटीतून उचल घेतली. पुढच्याच फेरीत गाडी पुन्हा तशीच बंद पडली, तेव्हा तोच मेकॅनिक म्हणाला, आता बोअर करावं लागेल. त्या दिवाळीत बाबांनी गाडी मिळेल त्या भावात विकली. बारा वर्षं दर रविवारी स्वतःच्या हाताने धुतलेली गाडी होती ती.

दोन वर्षांनी एसटी स्टँडसमोर मला ती गाडी दिसली. मालक काजूचा व्यापार करायचे. मी धीर करून विचारलं, काका, त्रास देते का? ते म्हणाले, "घेतली तेव्हा तापली की बंद पडायची. डेल्कोतला कंडेन्सर बदलला. त्यानंतर दोनदा कोल्हापूर करून आलो." बॉनेट उघडून दाखवलं. आम्ही बदललेल्या रिंगांसकट तेच इंजिन होतं.

आता यातलं कारण नीट समजून घ्या. पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलमधला, म्हणजे विजेचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्यातला, प्रवाह झटक्यात तुटायला हवा. तो जितका झटक्यात तुटेल तितकी प्लगवरची ठिणगी जोरकस. कंडेन्सर त्या क्षणी उसळणारी वीज स्वतःत घेतो, म्हणजे पॉइंटच्या तोंडावर ठिणगी उडून ती तिथेच वाया जात नाही. कंडेन्सर खराब झाला की गार असताना काम करतो, तापला की आतलं इन्सुलेशन गळायला लागतं किंवा जोड सुटतो. ठिणगी मरते. अर्धा तास उभी राहून गाडी गार झाली की पुन्हा ठीक. कॉइलही अशीच फसवते. म्हणून हा बिघाड हुबेहूब वेपर लॉकसारखा दिसतो.

दादा आजही म्हणतो, "मी फडकं ठेवलं की गाडी सुरू व्हायचीच ना?" व्हायची. पण फडक्याबरोबर अर्धा तासही जायचा. फडकं न ठेवता आम्ही नुसते झाडाखाली बसलो असतो तरी ती सुरू झाली असती. हे पडताळायचं एकदाही कुणाच्या मनात आलं नाही. शिवाय वेपर लॉक होतो तेव्हा गाडी आधी कुरकुरते, पिकअप जातो, झटके खाते, कारण पेट्रोल हळूहळू कमी पोहोचतं. आमची एका क्षणात बंद पडायची. पेट्रोल तुटल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असतंच, गाडी तेवढ्यावर काही अंतर जाते. वीज तुटली तर एक फेराही जास्त होत नाही.

तुमची गाडी पुढच्या वेळी बंद पडली की फडकं शोधायच्या आधी हे करा. डेल्कोच्या टोपीच्या मधली जाड वायर उपसा, कोरड्या फडक्यात किंवा रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाचसहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली तर वीज ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळी-लालसर, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही, तर कंडेन्सर, नाहीतर कॉइल. पॉइंट उघडून बघा. तोंडं जळून निळी-काळी पडली असतील किंवा एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरवरचा संशय पक्का धरा. नवा बसवल्यावर पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) लावा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. पोस्टकार्डाने लावणारे लोक अजून आहेत, तसं करू नका.

इंजिनाची माहिती विचारलीत तर ती थोडक्यात देतो. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, सुमारे ४० अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड आणि रॉकरने व्हॉल्व्ह उघडतात. टायमिंगला चेन. सोलेक्स कार्ब्युरेटर, यांत्रिक पेट्रोल पंप, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हेच ६८ गुणिले ७५ चं माप फियाटने १९३७ च्या ५०८ सी मध्ये वापरलं होतं, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनीत ते शेवटपर्यंत येत राहिलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हे इंजिन दिवसरात्र चाललं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. या इंजिनात दम नव्हता, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

बाकीचे नेहमीचे बिघाड. अ‍ॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर असल्याने गाडी एकदा उकळली की हेड वाकतं आणि गॅसकेट जातं. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं. म्हणून पंख्याचा पट्टा, वॉटर पंप आणि क्षारांनी भरलेला रेडिएटर यांच्याकडे आधी बघा. हेडचे नट थंड इंजिनावर, मधून बाहेर असे आवळायचे असतात. एक्सिलेटर सोडून उतारावरून आल्यावर पुन्हा दाबताच निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील बघा. चढावर जोर लावताना येत असेल तर रिंगा. बोअरचा विचार या दुसऱ्या प्रकारातच, तोही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून. तुमच्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन मोजलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मोजलं नसेल तर तो अंदाजाने तुमचे पैसे घालवतोय.

आता एक कबूल करायला हवं. वेपर लॉक ही खोटी गोष्ट नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे आजकाल तो जास्तच होतो, कारण मिश्रणाची वाफ लवकर होते. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही खातं, ते दोन्ही बदलूनच घ्या. पंपाखालचं आणि कार्ब्युरेटरखालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग कुणी काढून टाकलंय का तेही बघा. आणि तापलेली गाडी उभी केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडत असेल, तर एक्सिलेटर पंप करू नका, तळापर्यंत एकदाच दाबून धरून सेल्फ मारा. ठिणगी तपासताना आसपास पेट्रोल गळत असेल किंवा वास येत असेल तर तपासूच नका, गाडी गार होऊ द्या.

शेजारच्या कुणी डिझेल इंजिन टाकायचं सुचवलं असेल तर तेही नको. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, आणि वडिलांची गाडी मग वडिलांची राहत नाही.

ठिणगी कोणत्या रंगाची पडली ते खाली लिहा. घरात कुणी गाडी विकायची बोलणी सुरू केली असतील, तर तोवर ती थांबवा.