प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणजे विश्वास गेला का?

“मॅडम, मी दर रविवारी मंडळीत जाते, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते आणि घरी परतल्यावर मला वाटते की मी सगळ्यांना फसवते आहे. आई गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत मी मनापासून एका वाक्याचीही प्रार्थना केलेली नाही. माझा विश्वास गेला आहे का, एवढेच मला सांगा.”

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. तो विचारणारे बहुतेक जण मंडळीत नियमित येणारे असतात, कारण ज्याला विश्वासाची फिकीरच उरलेली नाही तो असा प्रश्न घेऊन कोणाकडे जात नाही. येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांना मी फक्त ‘ताई’ म्हणणार आहे. ताई पुण्यात परिचारिका आहेत. त्यांचे बालपण अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि दिवेलागणीला शास्त्रपाठ व प्रार्थना झाल्याशिवाय घरात ताटे वाढली जात नसत.

पहिल्या भेटीत मी विश्वासाविषयी काहीच बोलले नाही. झोप, भूक, कामातले लक्ष आणि जगण्याविषयीचे विचार यांची विचारपूस केली. रात्रपाळी नसतानाही ताईंना पहाटे तीनला जाग येत असे, जेवणाची चव गेली होती, आणि हे काही आठवड्यांपासून सतत चालू होते. म्हणून मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव दिसला. औषध घेणे म्हणजे देवावर भरवसा नसल्याची कबुली, असे त्यांना वाटले. तेव्हा मी त्यांना बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातील एलीया संदेष्ट्याची आठवण करून दिली. रानात झुडपाखाली बसून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा प्रश्न एलीयाला ऐकू येतो तो या सगळ्यानंतर, पुढे होरेब डोंगरावर. जी परिचारिका रोज दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या देते तिला हे पटायला फार वेळ लागला नाही.

यानंतर मात्र मी चूक केली. रोज एक स्तोत्र वाचून त्यातले मनाला भिडलेले वाक्य लिहून ठेवावे, असे मी सुचवले. पंधरा दिवसांनी ताई अधिक खचून आल्या. कोणतेच वाक्य भिडले नव्हते, आणि मी दिलेला हा अभ्यास म्हणजे त्यांच्यासाठी नापास होण्याची आणखी एक परीक्षा ठरली होती. मी घाईने उपाय सांगितला होता. दुखते कुठे, हे नीट विचारलेच नव्हते.

ते तिसऱ्या भेटीत कळले. आईचा कर्करोग एकंदर चौदा महिने चालला. पाचव्या महिन्यात तपासणीचे निष्कर्ष फार चांगले आले, आणि त्या रविवारी ताईंनी मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली की प्रभूने माझ्या आईला बरे केले आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले, उपकारस्तुतीचे गीत झाले. तीन महिन्यांनी आजार उलटला. अंत्यविधीनंतर दूरच्या एका नातेवाइकांनी सांत्वन करता करता म्हटले, “कुठेतरी आपला विश्वास कमी पडला.” ताईंनी ते ‘आपला’ स्वतःवर ओढून घेतले. देवाच्या नावाने आपण मंडळीत खोटे बोललो, किंवा आपला विश्वास इतका तोकडा होता की आईचे प्राण त्यामुळेच गेले, या दोन विचारांमध्ये त्या आठ महिने अडकून पडल्या होत्या.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य दुःखी घरात उच्चारले जाते तेव्हा मला मनापासून राग येतो, आणि तो लपवण्याची गरज मला वाटत नाही. ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे ते म्हटले जाते त्यातच प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, सहज कळवतो की आपला सोबती त्रफिम याला मी मिलेत येथे आजारी ठेवून आलो. स्वतःच्या ‘देहातील काट्या’साठी, म्हणजे सतत छळणाऱ्या पीडेसाठी, त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला, असे कोणी म्हणत नाही. ताईंनी हे दोन्ही उतारे माझ्यासमोर उघडून पाहिले, आणि त्रफिमाचे नाव बालपणापासून ऐकूनही त्याच्या आजाराकडे आपले लक्ष कधी गेले नव्हते, असे म्हणाल्या.

साक्षीचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. त्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितले त्याबद्दल ताईंनी आभार मानले होते. ते आभार खरे होते. पुढचे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरी एवढ्या स्पष्टीकरणाने त्यांचे मन हलके होईना, कारण त्यांची तक्रार मुळात स्वतःविरुद्ध नव्हतीच. मी त्यांना एक वही दिली आणि देवाला जे कधीच बोलून दाखवणार नाही ते लिहायला सांगितले. पुढच्या भेटीत त्या वहीत एकच ओळ होती: “तू मला खोटे पाडलेस.”

ती ओळ वाचून दाखवताना त्या घाबरल्या होत्या. आपण निंदा केली, असे त्यांना वाटत होते. मी त्यांना ८८वे स्तोत्र काढायला सांगितले. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र वळत नाही, त्याचा शेवट अंधारातच होतो. तरीही ते उपासनेच्या ग्रंथात राहू दिले गेले. बेथानीत मार्था येशूला भेटते तेव्हा तिचे पहिले शब्दही हेच असतात की, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मी ताईंना विचारले, “तुमच्या ओळीतला ‘तू’ कोण?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. जो नाही त्याला कोणी ‘तू’ म्हणत नाही. आठ महिन्यांतली त्यांची पहिली खरी प्रार्थना त्या वहीत होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

घरी त्यांचे यजमान बेचैन होते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत पत्नीने पूर्वीसारखी प्रार्थना करावी, असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यामागे भीती होती. त्यांना मी एका भेटीसाठी बोलावले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. एकाच संसारातली दोन माणसे देवाकडे एकाच चालीने चालतात असे नाही, एवढेच मी त्यांना म्हटले. त्यांनी आग्रह सोडला. प्रार्थना ते करू लागले आणि ताई शेजारी बसू लागल्या.

रविवारच्या उपासनेत ताईंना सर्वांत जड जात असे तो विश्वासांगीकार, म्हणजे सर्वांनी मिळून आपला विश्वास बोलून दाखवण्याचा भाग. ‘मी विश्वास धरतो’ हे शब्द ओठांवर आले की आपण ढोंगी आहोत असे त्यांना वाटे. त्या वेळी गप्प उभे राहा, असे मी सांगितले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे तेथे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाला विश्वासाविषयी काही विचारलेले नाही. काही काळ खाटेवर राहण्याचीही मुभा मंडळीत असली पाहिजे. प्रभूची प्रार्थना मात्र त्या म्हणू शकत होत्या. त्याचे कारण त्यांनीच सांगितले: तिच्यात ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ आहे.

रुग्णालयासाठीही आम्ही एक लहानशी गोष्ट ठरवली. साबणाने हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, आणि एका पाळीत ते कितीतरी वेळा धुवावे लागतात. तेवढ्या वेळात नुकत्याच तपासलेल्या रुग्णाचे नाव मनात घ्यायचे. मागणे नाही, शब्द नाहीत, काही जाणवले पाहिजे अशी अपेक्षाही नाही. पहिला महिना त्यांना हे कोरडे वाटले. नंतर एका रात्री अत्यवस्थ असलेल्या आजीबाईंचे नाव घेताना नळ बंद करायला उशीर झाला, एवढेच त्यांनी मला सांगितले, आणि मीही पुढे काही विचारले नाही.

पाळकसाहेबांना भेटून साक्ष मागे घ्यावी का, हे त्यांनी स्वतःहून विचारले. ते म्हणाले की त्या दिवशी उपकारस्तुतीची प्रार्थना मीच केली होती, त्यामुळे मागे घ्यायची तर आपण दोघांनी मिळून घ्यावी लागेल. मग त्यांनी ताईंच्या आईसाठी प्रार्थना केली नाही, ते ताईंबरोबर नुसते बसले. त्या गृहस्थांचे हे शहाणपण मला फार मोलाचे वाटते. काही महिन्यांनी ताईंनी महिला मंडळात सगळी हकिगत सांगितली, साक्षीसकट आणि त्यानंतरच्या मरणासकट. त्यानंतर दोघी जणी त्यांच्याकडे स्वतःची अशीच न सांगितलेली गोष्ट घेऊन आल्या.

औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. झोप सुधारली. वहीतल्या त्या ओळीला उत्तर मिळालेले नाही, आणि मिळाले असे ताई म्हणतही नाहीत.

पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरच्या दिवशी, पहाटे त्यांच्या मंडळीची उपासना दफनभूमीत होते. रात्रपाळी संपवून त्या तशाच गणवेशात तेथे पोहोचल्या आणि आईच्या कबरेपाशी मेणबत्ती लावून उभ्या राहिल्या. शेजारच्या वृद्ध बाई चष्मा घरी विसरल्या होत्या आणि अंधारात त्यांना गीतपुस्तक दिसत नव्हते. ताईंनी स्वतः गीत म्हटले नाही. मेणबत्तीच्या उजेडात पुस्तक धरून त्या बाईंना एकेक ओळ आधी वाचून दाखवत राहिल्या आणि बाई गात राहिल्या.